मस्टर कुणापुढं वाचायचं?

ऑडिटची तारीख कळली की कारखान्यात आधी रंगारी येतो. अग्निशामक नळकांड्यांवरची धूळ पुसली जाते, प्रथमोपचाराच्या पेटीत नवा कापूस पडतो, संडासात साबणाची वडी दिसू लागते. कामगारांना नवे मास्क मिळतात आणि त्यांच्याबरोबर पाठ करायची उत्तरंही मिळतात. ओव्हरटाइम आठवड्याला किती? बारा तास. दर काय? दुप्पट. ऑफिसच्या कपाटात दोन मस्टर असतात, एक पगारासाठी आणि एक पाहुण्यांसाठी. पाहुणे एक-दोन दिवस कागद चाळतात, निवडक कामगारांशी बोलतात, त्रुटींची यादी काढतात. अहवाल सातासमुद्रापार खरेदीदाराकडं जातो. ज्यांच्याविषयी तो लिहिलेला असतो, त्यांना तो कधीच दिसत नाही.

या प्रकाराला सोशल ऑडिट म्हणतात. नव्वदच्या दशकात बड्या ब्रँडांच्या आशियाई कारखान्यांतल्या हालअपेष्टा वर्तमानपत्रांत गाजल्या आणि हा धंदा उभा राहिला. त्यातलं नावाजलेलं एसए 8000 हे मानक 1997 मधलं.

ते किती पोकळ ठरू शकतं, हे कराचीत दिसलं. 11 सप्टेंबर 2012 रोजी बल्दिया टाउनमधल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी याच कारखान्याला एसए 8000 मिळालं होतं. प्रमाणपत्र इटलीच्या रीना या संस्थेचं, प्रत्यक्ष पाहणी मात्र स्थानिक संस्थेनं केलेली. म्हणजे कंत्राटाच्या साखळीवर नजर ठेवणारेही कंत्राटाच्याच साखळीत. पुढं पाकिस्तानी न्यायालयानं ही आग मुद्दाम लावल्याचं ठरवून 2020 मध्ये दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. पण आग कुणीही लावलेली असो, गज काही त्यानं बसवले नव्हते. मुख्य खरेदीदार किक ही जर्मन कंपनी. तिच्याविरुद्ध पीडितांनी डॉर्टमुंडच्या कोर्टात दावा लावला. मुदत टळून गेली, या कारणावर तो 2019 मध्ये फेटाळला गेला.

सात महिन्यांनी, 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळली. 1,134 मृत्यू. इमारतीतल्या दोन कारखान्यांचं सोशल ऑडिट झालेलं होतं. इमारतीची मजबुती आमच्या कक्षेत येत नव्हती, असा खुलासा नंतर आला. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसल्यावर खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपली माणसं बाहेर काढली होती. त्यासाठी तिला कुठलं मानक लागलं नाही. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर चढवलं गेलं.

ऑडिटर चोर असतात, असा याचा अर्थ काढायचं कारण नाही. कॉर्नेल विद्यापीठाचे सरोश कुरुविल्ला यांनी हजारो ऑडिटांची छाननी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांमधली माहिती भरवशाची नसल्याचं आढळलं. इतकी माणसं एकाच वेळी स्वभावानं खोटी कशी असतील? खोट व्यवहारात आहे. ज्याची परीक्षा घ्यायची तोच फी देतो, आणि पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं हेही तोच ठरवतो. कडक शेरा मारणाऱ्याला दुसरं बोलावणं येत नाही.

हे पारखून पाहिलं गेलं आपल्या शेजारी, गुजरातेत. प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांनी त्रयस्थ ऑडिटरकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी, असा तिथं दंडक होता. ऑडिटर निवडायचा आणि त्याचे पैसे द्यायचे कारखान्यानंच. अहवालांतले आकडे कसे, तर मर्यादेच्या जेमतेम खाली, परीक्षेत काठावर पास करून घेतलेल्या पोरासारखे. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला सोबत घेऊन अहमदाबाद-सुरतेकडच्या 473 कारखान्यांवर प्रयोग केला. त्यातल्या निम्म्यांसाठी ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले, फी मध्यवर्ती निधीतून ठरावीक दिली आणि काही मोजमापं गुपचूप पुन्हा तपासली. मर्यादेत असल्याचे खोटे दाखले 80 टक्क्यांनी घटले. गंमत म्हणजे नंतर प्रदूषणही उतरलं. पैसा कुठून येतो एवढं बदलल्यावर लेखणी सरळ चालू लागली.

राणा प्लाझानंतर झालेल्या बांगलादेश अकॉर्ड या करारालाही हे उमगलं होतं. त्यात कामगार संघटना बरोबरीच्या सहीदार होत्या, तपासणीचे अहवाल जाहीर होत आणि शब्द न पाळणाऱ्या ब्रँडला हेगच्या लवादापुढं खेचता येई. कंपन्यांना पुरवठा साखळीसाठी जबाबदार धरणाऱ्या युरोपातल्या नव्या कायद्यांचा गाजावाजा मोठा झाला, पण युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशाची अंमलबजावणी वर्षभरातच पुढं ढकलली गेली. त्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही.

सोशल ऑडिट या शब्दाचा आपल्याकडं दुसरा, देशी अर्थही आहे. डिसेंबर 1994 मध्ये राजस्थानातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनावणी भरवली. सरकारी कामांची बिलं आणि मस्टर गावापुढं मोठ्यानं वाचले गेले. कामावर न गेलेल्यांची नावं निघाली, न झालेली कामं निघाली, आणि ज्यांची नावं ती माणसं समोरच बसलेली. फी नाही, ऑडिटअखेरची क्लोजिंग मीटिंग नाही. हीच रीत पुढं रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेचा अधिकार म्हणून आली.

आता आपल्या साखरेकडं येऊ. न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टनं मार्च 2024 मध्ये महाराष्ट्राच्या उसाच्या फडापासून कोकाकोला आणि पेप्सिकोपर्यंतचा धागा उलगडला. शीतपेयांच्या कंपन्यांकडं आचारसंहिता आहेत, ऊस-साखरेसाठी बोनसुक्रोसारखं मानकही आहे. पण कारखान्याच्या लेखी तोडणी मजूर आपला नाहीच, तो मुकादमाचा. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि टोळी बांधतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की दंड. पाळीच्या दुखण्यानं खाडे पडतात, आणि त्यांतून सुटायला बायका पिशवी काढून टाकतात, हे उघड व्हायला 2019 उजाडलं. नीलम गोऱ्हे समितीच्या अहवालात बीड जिल्ह्यातल्या पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हे कुठल्या मानकाच्या तपासणीत सापडलं नव्हतं. तपासणी गेटपासून सुरू होते, आणि फड गेटच्या बाहेर.

पुढचा हंगाम तोंडावर आला की बीडमधल्या पाटोदा, धारूर, वडवणीकडं टोळ्या निघण्याच्या तयारीत असतील. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बारदान, भांडीकुंडी आणि पोरं चढवली जातील. कुणाला किती उचल दिली याची वही मुकादमाच्या खिशात असेल. त्या वहीत कोयत्यापुढं नाव लिहिलेलं असतं, बहुतेकदा फक्त नवऱ्याचं.