शेकडो तुकडे झाले तरी जिवंत!

१९५६ साल. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात आर्थर अँडरसन हे शास्त्रज्ञ डबाबंद मांस टिकवण्याचे प्रयोग करत होते. डब्यावर गॅमा किरणांचा असा मारा करायचा, की आतला एकूण एक जंतू मेलाच पाहिजे. तरीही मांस नासलं! आत जिवंत राहिलं तरी कोण? एक गोलमटोल जिवाणू. चार-चार जण एकमेकांना चिकटून राहणारा, आणि रंगाने चक्क गुलाबी-लाल! त्याचं आजचं नाव डायनोकॉकस रेडिओड्युरान्स. दोन-तीनदा मोठ्याने म्हणा, जमेल!

किरणोत्सर्गाची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. माणसाला एकदम पाच-सहा ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर तो बहुधा वाचत नाही. हा पठ्ठ्या ५,००० ग्रे पचवतो!

त्याच्या अंगावर चिलखत असेल, असं वाटलं ना? छे! किरण सरळ आत घुसतात आणि त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे करतात. पण त्याच्याकडे डीएनएच्या चार ते दहा प्रती असतात. समजा, एकाच पुस्तकाच्या पाच प्रती कुणी टराटरा फाडल्या. प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटणार. मग इथे अर्धी तुटलेली ओळ दुसऱ्या प्रतीच्या तुकड्यावर अख्खी सापडेलच की! अशी जुळवाजुळव करून हा काही तासांत आपला डीएनए पुन्हा सांधतो.

सांधण्याचं काम करतात प्रथिनं, आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट इथेच आहे. किरणांमुळे पेशीतल्या पाण्यापासून भयंकर दाहक रेणू तयार होतात. बहुतेक जिवाणूंमध्ये ते प्रथिनांचीच नासधूस करतात. मग दुरुस्ती करायला उरतं कोण? आपल्या डायनोकॉकसमध्ये मात्र मँगनीज भरपूर असतं. फॉस्फेटसारख्या छोट्या रेणूंच्या जोडीने ते या दाहक रेणूंना निकामी करतं. प्रथिनं वाचतात, म्हणून तोही वाचतो.

पण पृथ्वीवर निसर्गात एवढा किरणोत्सर्ग नाहीच, मग ही विद्या आली कुठून? बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं, कोरड्या हवेतून. पेशी पार वाळली, की तेव्हाही डीएनए असाच तुटतो. वाळूनही जगायला शिकलेला जीव किरणांनाही पुरून उरला!

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी याला एक नवं काम शिकवलंय. त्यांनी त्याच्यात दुसऱ्या जिवाणूचं एक जनुक घातलं. आता तो पाण्यात विरघळलेल्या युरेनियमचा साका करतो. अणुकचऱ्याचं पाणी साफ करायचं, तर त्यात जगू शकणारा कामगारच हवा ना!