हलकं साधन, जड साधन: लोड टेस्टिंगच्या तुलनेतले गैरसमज

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्राचा दहावीचा निकाल लागला. करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, गुण अंतर्गत मूल्यमापनाचे होते. राज्यभरातून १५ लाखांहून अधिक विद्यार्थी निकालाची वाट पाहत होते. एकाच वेळी सगळे संकेतस्थळांवर गेले, ती बंद पडली आणि कित्येक तास धड उघडली नाहीत. लातूर विभागीय मंडळाकडे लातूर, नांदेड आणि धाराशिव हे जिल्हे आहेत. ‘लातूर पॅटर्न’च्या या मुलखात दहावीच्या गुणांवर घरं पुढची दोन वर्षं आखतात. तिथं निकालाचं पान न उघडणं ही किरकोळ तांत्रिक अडचण नसते.

अशा दुपारची तालीम आधी करता येते, तिलाच लोड टेस्टिंग म्हणतात. जेमीटर, गॅटलिंग, लोकस्ट, के-सिक्स, डब्ल्यूआरके ही साधनं आभासी वापरकर्त्यांची गर्दी उभी करून सर्व्हरवर सोडतात. कोणतं साधन घ्यायचं, हे ठरवताना मेमरी आणि वेग यांची तुलना होते. कॉलेजच्या प्रकल्पासाठी हा चांगला विषय आहे. पण ही तुलना बहुतेक वेळा अन्याय्य होते, आणि तिच्यावर विसंबून निवडलेलं साधन खोटा दिलासा देतं.

गैरसमज: जेमीटर मेमरी खातं, के-सिक्स हलकं असतं.

कशासाठी किती मेमरी लागली, हे विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. जेमीटर जावावर चालतं आणि त्याच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच १ जीबी हीप, म्हणजे माहिती ठेवायला दिलेली मेमरी, लिहिलेला असतो. हीप भरत येईपर्यंत जावा साफसफाईची घाई करत नाही. म्हणजे मोजलेला आकडा बऱ्याच अंशी आपण दिलेल्या मेमरीचा असतो, गरजेचा नव्हे. गो भाषेत लिहिलेलं के-सिक्स वेगळ्या रीतीनं वागतं. जिवंत माहितीच्या सुमारे दुप्पट हीप झाला की गो साफसफाई करतं. दोन साधनांचे नियमच वेगळे, मग एकच आकडा घेऊन निवाडा कसा करणार?

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं तोलताना बारदानाचं वजन वजा करतात. इथंही तेच करायला हवं. दहा आभासी वापरकर्त्यांवर तुलना केली, तर जेमीटरच्या आकड्यात जवळपास सगळं बारदानच असतं. म्हणून १००, ५०० आणि १,००० वापरकर्त्यांवर वेगवेगळी मोजणी घ्यावी आणि वाढ पाहावी. दर वापरकर्त्यामागे किती मेमरी वाढली, तो आकडा कामाचा. के-सिक्सच्या अधिकृत माहितीनुसारच साध्या चाचणीत दर आभासी वापरकर्त्याला साधारण १ ते ५ एमबी लागते, कारण प्रत्येकासाठी जावास्क्रिप्टचं स्वतंत्र यंत्र उभं राहतं. हजार वापरकर्त्यांना १ ते ५ जीबी! ‘हलकं’ हे विशेषण इथं किती टिकतं ते वाचकानंच पाहावं.

जेमीटरवर आणखी एक अन्याय होतो. त्याची खिडकी उघडी ठेवून, प्रत्येक प्रतिसाद साठवणारा दर्शक चालू ठेवून मेमरी मोजली जाते. खिडकी फक्त चाचणी लिहायला आणि तपासायला वापरा, भार टाकायला नको, असं जेमीटर सुरू होताना स्वतःच बजावतं. मोजणी कमांडलाइनवरूनच व्हायला हवी.

गैरसमज: सगळ्या साधनांना एकच पत्ता दिला, म्हणजे काम सारखं झालं.

निकालाच्या पानावर आसन क्रमांक आणि आईचं नाव भरावं लागतं. एकच आसन क्रमांक लाख वेळा पाठवला, तर सर्व्हर तयार ठेवलेलं उत्तर परत देत राहतो आणि डेटाबेसला धक्काही लागत नाही. खरी तालीम हवी तर लाखभर वेगळे, बनावट क्रमांक फाइलमधून द्यावे लागतात. मेमरीचा खरा प्रश्न इथं उभा राहतो. जेमीटर अशी फाइल ओळीओळीनं वाचतं आणि सगळे थ्रेड, म्हणजे त्याचे आभासी वापरकर्ते, ती वाटून घेतात. के-सिक्समध्ये फाइल साध्या पद्धतीनं उघडली, तर प्रत्येक आभासी वापरकर्ता आपली वेगळी प्रत बाळगतो. फाइल २ एमबीची असली, तरी २०० वापरकर्त्यांना ४०० एमबी नुसत्या प्रतींनाच जातात. सामायिक ॲरे, म्हणजे सगळ्यांसाठी एकच प्रत, वापरला की हा खर्च टळतो. म्हणजे एकाच साधनाचे दोन अगदी वेगळे आकडे येतात, आणि फरक असतो लिहिणाऱ्याच्या जाणकारीचा. तुलना करणाऱ्यानं प्रत्येक साधनाची स्क्रिप्ट त्या साधनाच्या जाणकाराकडून तपासून घ्यायला हवी, ती यासाठी.

जोडणीचंही तसंच. अपाचे बेंच हे आणखी एक साधन मुद्दाम सांगितल्याशिवाय दर विनंतीला नवी जोडणी उघडतं, बाकीची बरीच साधनं जुनीच वापरतात. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट राखतं, म्हणजे सुमारे २८ हजार. क्लायंटनं बंद केलेली जोडणी साधारण ६० सेकंद पोर्ट अडवून ठेवते. एका यंत्रावरून एकाच पत्त्याकडे दर विनंतीला नवी जोडणी उघडत राहिलं, तर सेकंदाला ४७०च्या आसपास पोर्ट संपू लागतात. मग सर्व्हर दमला, असा निष्कर्ष काढला जातो. दमलेलं असतं चाचणी करणारं यंत्र.

गैरसमज: ५०० आभासी वापरकर्ते म्हणजे ठरावीक भार.

हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सांगतो, की एका वेळी आत असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत थांबण्याचा वेळ. ५०० वापरकर्ते न थांबता विनंत्या करत असतील आणि उत्तर पाव सेकंदात येत असेल, तर भार सेकंदाला २,००० विनंत्यांचा. सर्व्हर मंदावून उत्तराला ५ सेकंद लागू लागले, की तोच भार १००वर येतो. अशा चाचणीला बंद प्रतिरूप म्हणतात. उत्तर आल्याशिवाय पुढची विनंती जात नाही, त्यामुळं साधन संकटात सापडलेल्या सर्व्हरला सांभाळून घेतं.

निकालाच्या दिवशी सांभाळून घेणारं कोणी नसतं. मुखेडच्या मुलीचं पान अडकलं, म्हणून अहमदपूरचा मुलगा आपला क्रमांक टाकायचा थांबत नाही. ही गर्दी खुल्या प्रतिरूपाची आहे, उत्तराची वाट न पाहता येत राहणारी. दोन्ही प्रतिरूपांचे निकाल किती वेगळे येतात, हे बियांका श्रोडर, ॲडम विअरमन आणि मोर हार्कोल-बाल्टर यांनी २००६च्या निबंधात दाखवलं.

छोटा हिशोब करून पाहू. एक आभासी वापरकर्ता सेकंदाला १०० विनंत्या करतो, प्रत्येकीला १० मिलिसेकंद लागतात. ५० सेकंद सगळं सुरळीत, मग सर्व्हर १० सेकंद गोठतो. साधनाच्या वहीत ५,००१ नोंदी होतात आणि त्यातली एकच वाईट असते. ९९वा शतमक, म्हणजे ९९ टक्के विनंत्या ज्या वेळेच्या आत उरकतात ती वेळ, १० मिलिसेकंदच राहतो. खऱ्या गर्दीत मात्र त्या १० सेकंदांत आणखी १,००० जण आले असते आणि सरासरी ५ सेकंद ताटकळले असते. त्यांना धरलं तर ९९वा शतमक ९.४ सेकंदांच्या घरात जातो. या चुकीकडे गिल टेने यांनी जगाचं लक्ष वेधलं, आणि डब्ल्यूआरकेमध्ये बदल करून ठरल्या दरानं विनंत्या पाठवणारं डब्ल्यूआरके-टू तयार केलं. आज गॅटलिंग आणि के-सिक्समध्ये खुल्या प्रतिरूपाची सोय आहे, जेमीटरमध्ये ती ५.५ आवृत्तीपासून आली.

आता मेमरीकडे परत पाहा. सेकंदाला १,००० विनंत्या ठरवल्या आणि सर्व्हर १० सेकंद थांबला, तर खुल्या प्रतिरूपातल्या साधनाला १०,००० अडकलेल्या विनंत्या सांभाळाव्या लागतात. त्याची मेमरी उसळते. बंद प्रतिरूपातलं साधन आपल्या २०० वापरकर्त्यांवर निवांत राहतं. तक्त्यात पहिलं जड दिसतं, दुसरं हलकं. जे साधन गर्दी खरी दाखवतं, तेच तुलनेत हरतं. म्हणून प्रतिरूप सारखं असल्याशिवाय मेमरीचे दोन आकडे शेजारी मांडूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

गैरसमज: एकदा चालवून आलेला आकडा पुरेसा असतो.

जावा तापायला, म्हणजे पूर्ण वेगात यायला, वेळ घेतं, म्हणून सुरुवातीचा काळ हिशोबातून वगळावा. मे महिन्यात नांदेडच्या उन्हात लॅपटॉपही तापतो आणि प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. नंतर चाललेलं साधन विनाकारण मागे पडतं. साधनांचा क्रम आलटून पालटून फेऱ्या घ्याव्यात. सर्व्हर आणि चाचणीचं साधन एकाच यंत्रावर ठेवू नये. लोकस्टची एक प्रक्रिया एकाच कोअरवर चालते. बाकीच्यांना आठ कोअर आणि लोकस्टला एक, ही शर्यतच नव्हे. त्याच्या कामगार प्रक्रिया वाढवाव्यात आणि मग सगळ्यांची मेमरी एकत्र धरावी. तीही आभासी मेमरी नव्हे, प्रत्यक्ष व्यापलेली. जावाच्या प्रत्येक थ्रेडसाठी साधारण १ एमबी स्टॅक फक्त राखून ठेवलेला असतो, सगळा वापरलेला नसतो.

गैरसमज: खरी चाचणी खऱ्या संकेतस्थळावरच होते.

मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या चालू संकेतस्थळावर परवानगीशिवाय भार टाकणं हा हल्लाच ठरतो. इतरांचा प्रवेश अडवणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. नांदेडच्या प्रयोगशाळेत असो की लातूरच्या, दोन यंत्रं आणि एक स्विच पुरतात. एकावर बनावट क्रमांकांचा डेटाबेस आणि निकालाचं पान, दुसऱ्यावर साधन. प्रत्येक आकड्यापुढे साधनाची आवृत्ती, हीपची मर्यादा, प्रतिरूप, ठरवलेला दर आणि प्रत्यक्ष गाठलेला दर लिहावा. ठरवलेला दर गाठलाच नसेल, तर त्या ओळीतली मेमरी तुलनेत धरू नये.