डीएनएस गाळणीचा बंदोबस्त कोठे फसतो?

आमच्या दापोड्यात गोदामाच्या फाटकावर चिठ्ठी दाखविल्यावाचून माल आत जात नाही. तसाच पहारा घरच्या संगणकावर बसावा म्हणून क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०२० रोजी खुली केलेली १.१.१.३ व १.०.०.३ ही अश्लील स्थळे गाळणाऱ्या डीएनएस पत्त्यांची विनामूल्य जोडी विंडोजमध्ये नोंदवूनही जेव्हा अश्लील संकेतस्थळे निर्वेध उघडतात, तेव्हा गाळणीस दोष देण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता विचारणारा आपला प्रश्न नेमका कोणाच्या दप्तरी जातो, याची खातरजमा करावी.

कमांड प्रॉम्प्टमध्ये संकेतस्थळाच्या नावासह ‘एनएसलुकअप’ हा हुकूम सोडताच आरंभीच उत्तर देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. तो लांबलचक व विसर्गासारख्या दुहेरी टिंबांनी तोडलेला असून आपण भरलेला नसेल, तर आयपीव्ही ६ चा कारभार अद्याप राउटरच्याच हाती आहे. बहुतेकांची गफलत इथेच होते: पुढचे फाटक चोख, मागचे सताड उघडे! विंडोजमधील आयपीव्ही ६ च्या डीएनएस रकान्यातही त्याच सेवेचे पत्ते भरावेत.

एनएसलुकअपमध्ये निषिद्ध स्थळास ०.०.०.० असे नकाराचे उत्तर येऊनही ब्राउझर ते दाखवीत असेल, तर त्याच्या ‘सुरक्षित डीएनएस’ या कलमात निराळा पुरवठादार नेमलेला नाही ना, अथवा एखादे व्हीपीएन एक्स्टेन्शन चालू नाही ना, हे पाहावे. संगणकाने साठवलेली जुनी डीएनएस नोंद ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ने पुसावी. आणि चिरंजिवांच्या खात्यास प्रशासकाचे अधिकार मुळीच देऊ नयेत. नाहीतर ही सारी तजवीज ते चहा निवण्यापूर्वी रद्दबातल करतील.