गुडघ्यातली गादी आणि स्टेम सेलची सुई

आमच्या चिखले गावात गुडघे झिजतात ते चिकूच्या वाड्यांत आणि मासळीच्या पाट्यांखाली. मजूर दिवसभर झाडावर चढउतार करतात. मासेमार मांगेला समाजातल्या बायका भरली पाटी डोक्यावर घेऊन वाळू तुडवतात आणि मग बाजारात तासन्‌तास उकिडव्या बसतात. मी इथलीच, फिजिओथेरपिस्ट. अलीकडे माझ्याकडे एकच प्रश्न सारखा येतो: "ताई, ती स्टेम सेलची सुई घेतली तर गादी परत येते का?"

गादी म्हणजे कूर्चा, हाडांच्या टोकांवरचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर. बोट कापलं की रक्त येतं आणि त्या रक्तासोबतच दुरुस्तीचं सामानही येतं. कूर्चेत रक्तवाहिनीच नसते. तिच्यातल्या मोजक्या पेशी सांध्यातल्या द्रवावर जगतात आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला सांधा हलावा लागतो. म्हणून तर मी दुखऱ्या गुडघ्यालाही चालायला लावते. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने लंडनमध्ये १७४३ सालीच लिहून ठेवलं आहे.

यावरची पहिली मोठी वाट स्वीडनमध्ये निघाली. गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि कूर्चेतल्या खड्ड्यात परत भरल्या. २३ रुग्णांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशाच उपचाराला आपल्याकडे २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसचा 'कार्टिग्रो' तो हाच. कबड्डीत गुडघा पिळवटून कूर्चेचा एखादा तुकडा निघालेल्या तरुणाला त्याचा उपयोग होऊ शकतो. सगळा सांधाच झिजलेल्या आजीसाठी तो नाही. आणि या पेशी स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, नव्हेत; त्या तयार कूर्चेच्याच असतात.

खऱ्या स्टेम सेलचं भारतातलं उदाहरण बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सचं. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून पेशी घेऊन त्या वाढवायच्या आणि अडीच कोटी पेशींचं एक इंजेक्शन गुडघ्यात द्यायचं. १४६ रुग्णांवरच्या चाचणीत वर्षभरानंतर हे इंजेक्शन घेतलेल्यांचं दुखणं आणि ताठरपणा तुलनेच्या गटापेक्षा कमी होता. गुडघ्याच्या संधिवातासाठी या इंजेक्शनला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. चाचणीतले गुडघे मात्र झिजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचे होते, म्हणजे थोडी तरी गादी शिल्लक असलेले.

मग नवी गादी उगवते का? या पेशींचा प्रभाव मुख्यतः त्या सोडत असलेल्या रसायनांचा आहे, असं अर्नोल्ड कॅप्लन यांनीच पुढे आग्रहाने मांडलं. १९९१ मध्ये या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' म्हणणारे शास्त्रज्ञ तेच. ही रसायनं सूज आणि वेदना शमवतात. अमेरिकेत ४७५ रुग्णांवर तीन प्रकारच्या पेशी-उपचारांची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली गेली. २०२३ मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर कोणताच उपचार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण रुग्णाच्या खिशाला हात घालण्याआधी विचारायला हवा तोच प्रश्न त्यात विचारला आहे.

आमच्याकडच्या एका काकांनी चिकूच्या हंगामाचा पैसा शहरातल्या एका दवाखान्यात पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशींच्या सुईवर घालवला. कोणत्या पेशी, किती, कोणाच्या परवानगीने, याचा एक ओळीचा कागदही त्यांच्या हातात नव्हता. याचा मला मनापासून राग येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: मान्यता नसलेला स्टेम सेल उपचार फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच द्यायचा आणि त्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

म्हणून कोणी सुईचं नाव काढलं की मी आधी एक्स-रे मागते. दुसरा-तिसरा टप्पा असेल तर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं यांपासून सुरुवात करायची. सुई घ्यायचीच असेल तर औषधाचं नाव आणि केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता लेखी मागायची. चौथ्या टप्प्यात हाडाला हाड लागलेलं असतं. तिथे मी कृत्रिम सांध्याबद्दल बोलते. त्या सांध्याच्या किमतीवर सरकारने २०१७ च्या ऑगस्टपासून कमाल मर्यादा घातली आहे, हेही सांगते, कारण वाडीवर हे फार थोड्यांना ठाऊक असतं.