दहापैकी आठ वेळा

माझा भाचा येथेच, सुरतेत, बी.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वित्त. गेल्या दिवाळीत तो फराळाला आला तो संख्याशास्त्राचे पुस्तक घेऊनच. "मामा, हे प्रमाण विचलन काही केल्या समजत नाही," म्हणाला. बोलता बोलता कळले, की वडिलांच्या खात्यावरून हे चिरंजीव शेअर बाजारात ऑप्शनही विकतात. "दहापैकी आठ सौदे माझे बरोबर येतात!" हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

मी त्याला कागदावर आकडे मांडायला लावले. आठ सौद्यांत प्रत्येकी सुमारे २,००० रुपये मिळालेले, म्हणजे १६,०००. उरलेल्या दोन सौद्यांत प्रत्येकी ११,००० गेलेले, म्हणजे २२,०००. वजाबाकी सहा हजारांची. दर सौद्यामागे सरासरी ६०० रुपयांचा तोटा. पुस्तकातील 'अपेक्षित मूल्य' ते हेच. किती वेळा जिंकलो, एवढ्याने भागत नाही; प्रत्येक निकालाची शक्यता आणि त्याची किंमत यांचा गुणाकार करून बेरीज घ्यावी लागते.

आपल्या व्यवसायात हे गणित आपण रोज नकळत करतो. तापाने आलेल्या मुलांपैकी बहुतेकांचा ताप विषाणूजन्य असतो आणि काही दिवसांत उतरतो. सर्वांना 'व्हायरल आहे' सांगून घरी पाठवणारा डॉक्टर बहुतेक वेळा बरोबरच ठरेल. तरीही प्रत्येक बाळाची टाळू आणि मान आपण तपासतो, कारण मेंदूज्वराचे एखादेच मूल निसटले तर त्याची भरपाई नाही.

प्रमाण विचलनासाठी मी त्याच्यापुढे जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ सालचा वाढीचा तक्ता ठेवला. मधली रेषा मध्यकाची; खालच्या रेषा उणे दोन आणि उणे तीन विचलनांच्या. निरोगी मुलांपैकी उणे दोनच्या खाली शंभरात दोन-तीन, उणे तीनच्या खाली हजारात एखादे. उंचीला हा घंटाकृती आलेख छान लागू पडतो. भाचा लगेच म्हणाला, "बाजारालाही हाच शिकवतात."

अडचण तेथेच आहे. सेन्सेक्सची सर्वसाधारण दिवसाची चढउतार एक टक्क्याच्या आसपास असते. २३ मार्च २०२० रोजी तो एकाच दिवसात १३.१५ टक्के घसरला. उंचीच्या भाषेत हे मधल्या रेषेपासून दहाहून अधिक विचलने खाली असलेले मूल झाले. घंटाकृती आलेखावर विसंबले तर असा दिवस सृष्टीच्या आयुष्यातही येऊ नये. प्रत्यक्षात तो आपण सर्वांनी पाहिला. ऑप्शन विकणाऱ्याचे खाते अशाच एका दिवसात रिकामे होते.

सुरतकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घरात शिरले, तेव्हा अनेकांना वाटले होते की असा पूर आपल्या हयातीत येणारच नाही. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ दरवर्षी एक टक्का. तीस वर्षे त्याच घरात राहिलात तर एकदा तरी पाणी येण्याची शक्यता २६ टक्के होते.

शेवटी मी त्याला सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालातील आकडा दाखवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला; सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. रुग्ण तपासण्यापूर्वी त्या रोगाचे गावातील प्रमाण डॉक्टर मनात धरतो, तसा हा आकडा सौद्यापूर्वी मनात धरावा, एवढेच मी म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मग विचारले, "पण मामा, मी त्या सात टक्क्यांतला असेन तर?" मी त्याच्याच कागदावरील उणे सहा हजारांवर बोट ठेवले. त्या रात्री त्याने वडिलांना सर्व सांगितले. हे येथे लिहिण्यास दोघांचीही संमती आहे.