रेंज पत्र्यावर, लॅपटॉप घरात

शिरूरहून न्हावऱ्याच्या दिशेनं निघालं की घरं एकमेकांपासून लांब जायला लागतात. शाळा, देऊळ, ग्रामपंचायत, दूध संस्था गावठाणात असतात, माणसं मात्र मळ्यात राहतात. कालव्याला पाणी आलं, विहिरी-बोअर झाले, ऊस आला आणि ज्याचं रान जिथं, त्याचं घर तिथंच उभं राहिलं. पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलं तरी हेच दिसतं. लॅपटॉपला इंटरनेट मिळवण्याची अडचण सुरू होते ती इथूनच. शिरूर किंवा दौंड शहरात केबलवाला फायबर थेट घरात आणून देतो. गावठाणापासून दीड-दोन किलोमीटरवर उसात असलेल्या एकट्या घरासाठी तो खांब टाकत नाही, त्याला ते परवडत नाही. आज ‘भारतनेट’ या नावानं चालणारी केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली, ती फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यासाठी. मळ्यातल्या घराला उरतं ते मोबाइलचं सिम.

माझी भाची लग्न होऊन अशाच एका वस्तीवर आली. पुण्यातल्या एका कंपनीचं हिशेबाचं काम ती घरून करते. नोकरी सोडायची नाही आणि घरही सोडायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलेलं. पहिले काही महिने तिनं फोनच्या हॉटस्पॉटवर काढले. फोन खिडकीच्या गजाला बांधायचा, चार्जरला लावून ठेवायचा, तो तापला की ओल्या फडक्यावर ठेवायचा. “मामा, ओसरीत दोन काड्या दिसतात, पण मीटिंग सुरू झाली की त्यापण जातात,” असं ती सांगायची.

लॅपटॉपला सिम जोडण्याची धडपड या भागात जुनी आहे. २०१०च्या आसपास पेनड्राइव्हएवढा डोंगल आला. तो लॅपटॉपला लावला की आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायचा, त्यातलं सॉफ्टवेअर टाकलं की मगच तो मोडेम व्हायचा. मग एपीएन भरायचं आणि *९९# डायल करायचं. डोंगलचा दिवा हिरवा असला तर टूजी, निळा झाला तर थ्रीजी. तो निळा व्हावा म्हणून पोरं डोंगलला यूएसबीची वायर जोडून तो कौलावर ठेवायची. उंचावर रेंज मिळते, हे त्यांनी अनुभवातूनच ओळखलं होतं. सप्टेंबर २०१६ नंतर फोरजी स्वस्त झालं आणि डोंगल कपाटात गेला. पण ती कौलावरची वायर आजही खरा उपाय आहे, आणि तो नीट कसा करायचा हे भाचीच्या घरी मला जवळून पाहायला मिळालं.

सुरुवात मोजण्यापासून झाली. स्क्रीनवरच्या काड्या फसव्या असतात, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या हिशेबानं दाखवतो. खरा आकडा बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या ‘सिम स्टेटस’खाली असतो, डीबीएम या एककात आणि नेहमी मायनस. मायनस ८५ उत्तम, मायनस १०० चालण्यासारखं, मायनस ११५च्या खाली गेलं की जोडणी तुटायला लागते. या मोजपट्टीवर तीन अंकांचा फरक म्हणजे ताकद निम्मी किंवा दुप्पट, आणि वीस अंकांचा फरक म्हणजे शंभरपट. भाचीच्या स्वयंपाकघरात फोन मायनस ११६ दाखवत होता. तोच फोन घेऊन तिचे दीर शिडीनं पत्र्यावर चढले तर मायनस ९६. त्याच घरात, त्याच सिमवर, अवघ्या बारा फुटांच्या उंचीनं शंभरपट फरक पडला होता.

याचं कारण समोर दिसत होतं. छताचा लोखंडी पत्रा रेडिओ लहरी परतवतो, आणि चारी बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. पानांतलं पाणी या लहरी शोषतं. फोरजीच्या २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १३ सेंटिमीटर, ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीची साधारण ३५. लांब लहर अडथळ्यातून जास्त पुढे जाते, म्हणून टॉवरपासून दूरच्या वस्तीवर कमी फ्रिक्वेन्सीचा बँड भरवशाचा ठरतो. वेग कमी मिळतो, पण मीटिंग तुटत नाही. कारखान्याची तोड होऊन रान मोकळं झालं की या वस्त्यांवर रेंज सुधारते, आणि नवा ऊस वाढला की पुन्हा पडते. वर्षभर चालणारी जोडणी हवी असेल तर उसाच्या वर जाण्याला पर्याय नाही.

पुष्कळ लोक इथं एक चूक करतात. बाजारातून अँटेना आणतात, ती उंच लावतात आणि तिथून बारीक काळी केबल घरातल्या राउटरपर्यंत ओढतात. या फ्रिक्वेन्सीला ती बारीक केबल मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. दहा-बारा मीटर केबल टाकली की उंचावर मिळवलेलं बरंचसं तिथंच संपतं. यूएसबीची साधी वायरही पाच मीटरपुढे भरवशाची राहत नाही. म्हणून सिम असलेला राउटरच वर न्यायचा, पाण्यापासून जपणाऱ्या डब्यात, आणि खाली आणायची ती लॅनची केबल. ती शंभर मीटरपर्यंत काही न गमावता चालते आणि त्याच केबलमधून राउटरला वीजही देता येते.

दूरदर्शनच्या काळातला जीआय पाइप गोठ्यामागे पडून होता. दिरांनी राउटरचा डबा त्याच्या टोकाला बसवून तो भिंतीला क्लॅम्प मारून उभा केला. मग सगळ्यात चिकाटीचं काम सुरू झालं. दीर वर पाइप धरून उभे, भाची खाली लॅपटॉपवर राउटरचं पान उघडून आकडा मोठ्यानं वाचत होती. पाइप थोडा फिरवायचा, मिनिटभर थांबायचं, आकडा ऐकायचा, पुन्हा फिरवायचा. सगळ्यात जवळचा टॉवरच सगळ्यात चांगला असेल असं नाही. टॉवरवरचे अँटेना बहुधा तीन दिशांना तोंड करून असतात, दोन दिशांच्या मधल्या फटीत आपलं घर आलं तर जवळ असूनही रेंज पडते. भाचीच्या घराला शेवटी नदीपलीकडचा, दौंड हद्दीतला टॉवर लागू पडला. आकडा मायनस ८८वर स्थिरावला तेव्हा तिच्या सासूबाईंनी सगळ्यांना चहा ठेवला. सासूबाईंचा सुनेच्या नोकरीला पाठिंबा होता, हे मला त्या चहातून कळलं, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

रेंज आली म्हणून काम संपत नाही. रोज दीड-दोन जीबीचं रिचार्ज लॅपटॉपसाठी पुरत नाही. व्हिडिओ मीटिंग तासाला जीबीच्या आसपास खाते, आणि विंडोजनं अपडेट ओढायला घेतलं तर दुपारच्या आत कोटा संपून वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर मेलसुद्धा नीट उघडत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये ही जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवली की बहुतेक अपडेट थांबून राहतात. संध्याकाळी आठ ते दहा सगळी वस्ती मोबाइलवर असते, टॉवरची क्षमता वाटली जाते, म्हणून जड फायली पहाटे पाठवाव्यात. लाइट गेली तर राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस हवा. आणि वळवाच्या पावसाआधी त्या पाइपला अर्थिंग करून घ्यावं. कडकडाट सुरू होण्याआधीच केबल काढून ठेवावी.

हा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिरूर आणि दौंडच्या उसात बिबट्या आहे. रेंजसाठी पोरांनी संध्याकाळी बांधावर जाऊन बसायचं, हे या भागात जिवाशी खेळणं आहे. २०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली तेव्हा अशी बांधावर, झाडाखाली बसलेली पोरं मी पाहिली आहेत. इंटरनेट घरात, दिव्याखाली यायला हवं ते यासाठी.

२०२३पासून फाइव्हजीवर चालणारं ‘एअरफायबर’ आलं आहे. त्याचंही तत्त्व हेच, डबा गच्चीवर आणि केबल घरात. टॉवरवर फाइव्हजी असेल तिथं ते सोयीचं आहे, नसेल तिथं वरची पद्धत चालते. पण सिमवरची जोडणी ही तात्पुरती सोय आहे, घराची कायमची व्यवस्था फायबरनेच होईल. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेला जा. फायबर आपल्या ग्रामपंचायतीत पोहोचलं आहे का, पोहोचलं असेल तर चालू आहे का, आणि तिथून वस्त्यांपर्यंत कोण नेणार, हे तीन प्रश्न लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या.