उतारवयात नवे गाणे

"आताच्या गाण्यांत काही राम राहिला नाही," हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पिढीने म्हटलेले आहे. पारावर बसलेल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला विचारा. त्याच्या मते चांगले गाणे नेमके त्याच्या तरुणपणीच संपले. गंमत अशी की, त्याच्या वडिलांच्या मते ते त्याच्याही वीस वर्षे आधी संपलेले होते!

हा नुसता म्हातारपणचा हट्ट नव्हे. मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी निरनिराळ्या वयाच्या श्रोत्यांना निरनिराळ्या काळातील लोकप्रिय गाणी ऐकवली. १९८९ साली त्यांनी निष्कर्ष मांडला तो असा की, माणसाला सरासरीने आपल्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी गाजलेली गाणी सर्वांत अधिक आवडतात. या हिशेबाने १९५० च्या सुमारास जन्मलेल्या आपल्याकडच्या माणसाच्या कानात १९७४ च्या आसपासचा रेडिओ कायमचा मुक्कामाला आहे.

परंतु तेव्हाचे ते गाणे तरी कुठे जुने होते? राम फाटक यांनी चाली लावाव्यात आणि भीमसेन जोशी यांनी ख्यालाच्या आलापीसह अभंग गावेत, हे फडावरच्या भजनापेक्षा निराळेच होते. ज्या पेटीवाचून आज भजनाची बैठक बसत नाही, ती पेटी तर युरोपातून आलेली. आकाशवाणीने तिच्यावर १९४० साली घातलेली बंदी १९७१ साली कोठे सैल झाली. म्हणजे आजच्या वृद्धांनी तरुणपणी नवे गाणे आनंदाने घेतले होते. मग आता ते का घेत नाहीत?

याचे एक कारण कानातच आहे, आणि त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. वय वाढते तसे आधी उंच, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. बोलण्यातील स, श, फ यांसारखी व्यंजने याच पट्टीत असतात. म्हणून आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. त्यावर दहा वाद्यांचा गलका आला की "नुसता धिंगाणा" हा शेरा ठरलेला. संतांचा शब्द हाच ज्यांच्या गाण्याचा प्राण, त्यांना शब्दच हरवलेले गाणे कसे रुचावे?

दुसरे कारण आपल्या खिशात आहे. मोबाईलच्या नखाएवढ्या कर्ण्यातून खर्जाचे आवाज निघतच नाहीत. मृदंगाच्या धुमाला कणीक लावतात ती त्या खोल घुमाऱ्यासाठी. मोबाईलवर तोच गायब होतो आणि मागे उरते ती शाईची टिकटिक. उभी हयात मृदंगाशेजारी उभे राहून टाळ वाजविलेल्या माणसाला आपण ते ऐकवतो आणि त्याला नव्याची आवड नाही, असे ठरवून मोकळे होतो. एखादा बरा स्पीकर उसना आणावा, आवाज बेताचा ठेवावा, आणि वाद्ये थोडी व शब्द स्पष्ट असलेले गाणे आधी लावावे. निम्मे काम तिथेच होते.

उरलेले निम्मे काम ओळखीचे आहे. आमचे आजोबा नारायणगडाच्या वारीतले. गडाला आपण 'धाकटी पंढरी' म्हणतो, आणि आजोबांची गाण्याची सगळी समज त्या पायवाटेवर घडलेली. त्यांना मी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने ऐकविली. ती काही आजची नाहीत, कुमार १९९२ सालीच गेले. पण ज्याने ऐकले नाही त्याला ते नवेच. उतारवयात नवे शोधायचे म्हणजे या वर्षीचेच शोधायला पाहिजे असे थोडेच आहे? पहिल्यांदा आजोबा म्हणाले, "हा मधीच का थांबतोय?" दुसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी डोळे मिटून म्हणाले, "हा तर जोग्यावाणी म्हणतोय. पहाटं दारात यायचे ना किंगरी घेऊन, तसं."

त्यांचे बरोबर होते. क्षयाने आजारी असलेले कुमार १९४८ साली देवासला राहावयास गेले. गाणे बंद, अंथरुणाला खिळलेले. तेथे फिरत्या नाथजोग्यांचे गाणे त्यांच्या कानी पडले आणि पुढे त्यातूनच त्यांची निर्गुणी गायकी उभी राहिली. आपल्या बीड जिल्ह्यात सावरगावच्या मायंब्याला मच्छिंद्रनाथ, शेजारच्या जिल्ह्यात मढीला कानिफनाथ. नाथांचा सूर आजोबांना परका नव्हताच. माळव्याचे गाणे आमच्या ओसरीत आले ते त्या जुन्या ओळखीने.

तीन वेळा ऐकविण्यालाही आधार आहे. वारंवार समोर आलेली गोष्ट हळूहळू आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच दाखविले. रेडिओ हे काम न सांगता करीत असे. निवडणारा दुसराच कोणी असे, आणि गाणे आठवड्यात पुन्हा कानी पडे. बाजारातला दुकानदार मेमरी कार्ड भरून देतो तेव्हा तेच ते शंभर तुकडे येतात. यूट्यूब तर जे ऐकले त्याच्याच भावंडांना पुढे करते. एकाने दुसऱ्याजवळ बसून "हे ऐका" म्हणणे यातून सुटलेच आहे.

मग मी धीर करून मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या तरुण मंडळींचे गाणे लावले. अभंग संतांचे, साथीला गिटार. शब्द पाठ असल्यामुळे आजोबांना ते ऐकू येण्याची अडचण नव्हती. हरवलेली व्यंजने ते मनातून भरून घेत होते. सबंध गाणे ऐकून त्यांनी निकाल दिला, "पोरं गातेत चांगली. पण टाळ का नाही घेतला बरोबर?" त्यानंतर महेश काळे यांचे गाणे ऐकवले. ते जितेंद्र अभिषेकींचे शिष्य आहेत असे सांगितल्यावर आजोबा जरा सावरून बसले. अभिषेकी त्यांना रेडिओमुळे ठाऊक होते.

परवा मात्र त्यांनी आपण होऊन विचारले, "त्या जोग्याचं दुसरं काही हाय का?" सध्या आमच्याकडे कुमारांची माळवी लोकगीते चालू आहेत. त्यांतले शब्द दोघांनाही नीट कळत नाहीत.